पाठीवरच्या रेघा

लान,

काल दुपारच्या विमानाने तू गेलीस. तुआन आणि वी वर खुर्च्यांवर, आणि तू खाली, सामानाच्या कप्प्यात. आज सकाळी मी सवयीने दोन कप चहा केला, तुझा बिनदुधाचा आणि माझा दुधाचा, आणि ट्रे घेऊन समोरच्या दाराची बेल वाजवली. आत कोणी नाही हे बेल वाजल्यावर आठवलं. मग जिन्यातच बसले आणि दोन्ही कप मीच संपवले. तुझा चहा नेहमीसारखाच कडू होता.

हे मी मराठीत लिहिते आहे. तू असतीस तर हसली असतीस. तीन वर्षं आपण जे काही बोललो ते थोडं मोडकं इंग्रजी, त्याहून मोडकं हिंदी आणि बाकी सगळे हातवारे. पण आज जे सांगायचं आहे ते हातवाऱ्यांनी सांगता येणार नाही. पोलीस ठाण्यातल्या एका कागदावर माझ्या तोंडचं एक वाक्य अरबीत लिहिलेलं आहे. त्याखाली माझी सही आहे. ते वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

सुरुवातीपासून सांगते. तुला सगळं ठाऊक असलं तरी सांगते, कारण आता माझं ऐकून घ्यायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

सौदीतल्या खोबरच्या या चार मजली इमारतीत तुम्ही व्हिएतनामहून राहायला आलात तेव्हा मी दाराच्या भिंगातून तुमचं सामान मोजलं होतं. खरंच मोजलं होतं. माझी मुलगी शिकायला पुण्याला गेलेली, श्रीकांत दिवसभर धाहरानला ऑफिसात, आणि मी नाशिकची बडबडी बाई घरात एकटी. मला समोर कोण येतं याची उत्सुकता नसेल तर कुणाला असेल? आधी तुआन दिसला, बारीक आणि वाकलेला, अबकैकच्या प्लान्टवर वेल्डिंग तपासणारा. मग सहा वर्षांची वी, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. शेवटी तू, दोन्ही हातांत थर्माकोलचे रिकामे खोके घेऊन. मला वाटलं, कचरा कशाला आणला हिने? पंधरा दिवसांत त्याच खोक्यांत तुझ्या गॅलरीत हिरवीगार पालेभाजी उगवली. बी तू परकराच्या काठात शिवून आणलं होतंस. पहिली जुडी माझ्या दाराला लावून गेलीस आणि मी ती लसणाची फोडणी देऊन, वर दाण्याचं कूट घालून तुला परत पाठवली. तू एक घास खाल्लास आणि डोळे मिटलेस. ते आवडलं म्हणून की दुःखाने, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

तुझे पूर्वज फ्रिजवर राहायचे. आजी-आजोबांचा फोटो, एक संत्रं, पाण्याची वाटी आणि उदबत्ती, जी लावायची की नाही यावरून तुमचं रोज भांडण, कारण धुराने छतावरचं यंत्र कोकलायचं. माझे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात, डाळींच्या डब्यांशेजारी. "युवर गॉड इन कबर्ड, माय ग्रँडमदर ऑन फ्रिज," तू म्हणालीस, आणि आपण दोघी पोट धरून हसलो. त्या दिवसापासून तू मला 'ची' म्हणायला लागलीस. तुमच्याकडे ची म्हणजे थोरली बहीण. वीला मात्र मी शाळेतल्या मुलांसारखं काकू म्हणायला शिकवलं.

आणि मग ती पाठ.

तुम्हाला येऊन चार-पाच महिने झाले असतील. तू ओट्याखालचं पातेलं काढायला वाकलीस आणि तुझ्या सदऱ्याचा गळा मागे सरकला. मानेखाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, लाल-काळ्या रेघाच रेघा. पट्ट्याने मारल्यासारख्या. माझ्या हातातली पळी पडली. तू म्हणालीस, "नथिंग, नथिंग," आणि गळा वर ओढलास. नवऱ्याचा मार खाणारी कुठलीही बाई हेच म्हणते, असं मला वाटलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी तुआनचा नमस्कार घेतला नाही. तो कामावरून येताना जिन्यात मान लववायचा आणि मी भिंतीकडे बघायची. कामाच्या फेरीवरून बुरैदाहून त्याने आमच्यासाठी खजुराचा डबा आणला होता, तो मी श्रीकांतच्या हाती परत पाठवला. श्रीकांत म्हणाला, "अगं, पण झालं काय?" मी म्हटलं, "बायकोला गुरासारखं मारतो मेला." श्रीकांतलाही खरं वाटेना, तरी त्याने डबा दिला परत. शेवटी एका सकाळी मी तुझे हात हातात घेतले आणि म्हटलं, "माय हाउस, युवर हाउस. एनी टाइम. यू कम. नो फिअर." मग तुझे डोळे भरून आले, तू मला मिठी मारलीस, पाठीवरून हात फिरवलास आणि हळूच विचारलंस, "ची, युवर हजबंड... हिट यू?"

आपल्या दोघींची ती शोभा आठवली की अजून हसू येतं, लान. आज तर हसताहसता रडूच आलं. तू मला सोडवायला निघाली होतीस आणि मी तुला.

मग तू मला तुझ्या खोलीत नेऊन दाखवलंस. हिरव्या तेलाची छोटी बाटली आणि एक नाणं. ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं, काहीही झालं की तुमच्याकडे म्हणतात, अंगात वारं शिरलं. पाठीला तेल लावायचं, नाण्याच्या कडेने वरून खाली खरवडायचं, की वारं रेघांतून बाहेर पडतं. रेघ जितकी काळी तितकं वारं जास्त. तुझी आई करायची, तिची आई करायची. इथे तुआन करत होता. मी म्हटलं, यात काय मोठंसं, आम्ही नाही का मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकत? आणि खजुराचा डबा मागायला मी त्याच संध्याकाळी तुआनच्या दारात गेले. त्याने तो देताना इतक्या वेळा मान लववली की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुआनची पाळी बदलली, तो पहाटेच्या बसने जाऊन अंधार पडल्यावर यायला लागला, आणि मग तू बाटली घेऊन माझ्याकडे यायला लागलीस. नाणं माझ्या हातातून सटकायचं, म्हणून मी माझा तूप वाढायचा चमचा काढला. आईकडून आणलेला, जाड काठाचा. तुला तो फारच आवडला. "दिस स्पून, नंबर वन." त्या दिवसापासून त्याचं तूप सुटलं ते सुटलंच. त्यावरून मी तुला किती बोलले! आईचा चमचा तुझ्या पाठीवर झिजला, म्हणाले. तू म्हणालीस, हे काम ज्याचं त्याला करता येत नाही, पाठीला आपला हात पोचत नाही, म्हणून तर घरात माणसं लागतात.

दोन वर्षांत माझा हात चांगला बसला. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, सगळं कळायला लागलं. इमारतीतल्या बायकांत मी मिरवायचेसुद्धा, मला व्हिएतनामचं औषध येतं म्हणून. ते मिरवणं आता मला खातं आहे.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. गाडीचं. बायकांच्या ड्रायव्हिंग शाळेचा फॉर्म तू तीन वेळा आणलास. "ची, टुगेदर. यू, मी." मी तिन्ही वेळा टाळलं. एकदा उन्हाळा म्हणून, एकदा मुलगी सुट्टीवर येणार म्हणून, आणि तिसऱ्यांदा तर मी सरळ म्हटलं, "मला या गावात जायचंय तरी कुठे?" तू चिडलीस. दोन दिवस भाजी लावली नाहीस दाराला. एकटी शिकली असतीस तर आतापर्यंत शिकलीही असतीस. पण तू माझ्यासाठी थांबलीस. तो फॉर्म अजून माझ्या फ्रिजला चुंबकाने लावलेला आहे.

आता त्या दिवसाचं.

रमजानचे दिवस. मी खाली हारिसला, आपल्या त्या इजिप्शियन वॉचमनला, उपास सोडायला द्यायची म्हणून कांदाभजी तळायला घेतली होती. अजानला चाळीस मिनिटं होती. मला पक्कं आठवतं, कारण मी घड्याळ बघून पीठ भिजवलं होतं, भजी गरम खाली गेली पाहिजेत म्हणून. बेल वाजली. तू दारात उभी, घामाने चिंब, एक हात मागे दोन खांद्यांच्या मधे नेण्याचा प्रयत्न करत. दुसऱ्या हातात हिरवी बाटली. मागे वी, चित्रकलेची वही घेऊन. "ची, बिग विंड," तू म्हणालीस. दात दुखतात असंही म्हणालीस, जबडा धरून. मी विचारलं, "डॉक्टर?" तू म्हणालीस, "आफ्टर. फर्स्ट स्पून."

मी विचारलं, एवढं खरं आहे. पण एकदाच विचारलं आणि गॅस बंद करून चमचा काढला.

तू स्टुलावर उलटी बसलीस, भिंतीला कपाळ टेकून. मी तेल लावलं आणि खरवडायला लागले. पहिल्याच फेरीत रेघ जांभळी उमटली, दुसऱ्या फेरीत काळी. इतकी काळी मी कधी पाहिली नव्हती. आणि लान, मला आनंद झाला! काटा निघाल्यावर होतो तसा. मी ओरडले, "बघ, केवढं वारं भरलं होतं तुझ्या अंगात!" वीला बोलावून दाखवलं. तूही वळून बघायचा प्रयत्न केलास, हसलीस, म्हणालीस, "ची डॉक्टर." मग मी आणखी जोराने केलं. मान झाली, खांदे झाले, कंबरेपर्यंत झालं, पुन्हा वरून सुरू केलं. वीने दोनदा पाणी आणलं. मधे तुला उलटीसारखं झालं, तर मी म्हटलं, निघतंय, निघू दे. तुझा श्वास लहान लहान होत होता आणि मला वाटत होतं, तुला आराम पडून झोप येते आहे.

अजान सुरू झाली तेव्हा चमचा माझ्या हातात होता. तू म्हणालीस, "कोल्ड," आणि बाजूला, माझ्या मांडीवर कलंडलीस.

मग मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. गाडी लगेच आली, दहा मिनिटंही लागली नसतील. त्या मुलांनी तोंडातला खजूरही धड गिळला नव्हता. ते लगेच आले, लान. मी बोलावलं असतं तेव्हा आले असते. मी लोकांना सांगत फिरते की इफ्तारची वेळ, रस्त्यावर टॅक्सी नाही, काय करणार. मी टॅक्सी बघायला खिडकीपाशीसुद्धा गेले नव्हते.

हॉस्पिटलात त्यांनी प्रयत्न केले आणि मग मान हलवली. तुझ्या पाठीकडे बघून नर्स थबकली आणि तिने दुसरीला बोलावलं. मला ती नजर ओळखू आली. अडीच वर्षांपूर्वी ती माझीच नजर होती, पळी पडली तेव्हाची. त्यांनी नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं आणि ते बरोबरच केलं. तुआन प्लान्टवरून कामाच्या कपड्यांत धावत आला, आणि तुला नीट बघायच्या आधीच त्याला एका खोलीत नेलं. मी वीला घेऊन बाहेर बाकावर बसले होते. उठून आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी वीचे केस नीट करत बसले.

दुसऱ्या दिवशी इस्माईलचाचा घरी आले. तुआनच्या कंपनीचे सरकारी कागद बघणारे, दापोलीकडचे, तीस वर्षं इथेच. दारातच म्हणाले, "वहिनी, हा मानूस येडा हाय का काय? साहेब विचारतो, रेघा कोनी केल्या? तर हा छातीवर हात ठेवून 'मी, मी' म्हनतो. आनि गेटच्या पंचिंगवर हा त्या टायमाला प्लान्टात! आता खोटं बोलतो म्हनून साहेबाला जास्तच शक. तोपर्यंत मय्यतचे कागद पन हलनार नायत. तुमी शेजारी, तुमाला काय म्हायती हाय का?"

तुआनला माहीत होतं चमचा कुणाचा आणि हात कुणाचा. मला कुणी काही विचारू नये म्हणून तो ते स्वतःवर घेत होता. ज्या माणसाचा नमस्कार मी पंधरा दिवस घेतला नव्हता, तो माणूस.

मी इस्माईलचाचांना म्हटलं, "नाही चाचा, मला काही माहीत नाही."

हो, म्हटलं. ऐक, तेही ऐक. श्रीकांत स्वयंपाकघरात उभा होता. ते गेल्यावर तो म्हणाला, "सुमा, बरं केलंस. परका मुलूख आहे. इथे राहायच्या परवान्याचं, इकाम्याचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. उद्या तुझ्यामुळे बाई गेली असं कुणी लिहून टाकलं तर काय करणार आहोत आपण? तो सुटेल आपोआप, त्याने काही केलेलं नाही." मी मान डोलावली. तू तिथे बर्फात पडलेली, नवरा ठाण्यात, लेक माझ्या सोफ्यावर, आणि मी भाजीत मीठ किती घालू याचा विचार करत होते. मला स्वतःची किळस आली आणि तरीही मी गप्प बसले.

वी दोन दिवस बोललीच नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी ताटं वाढली. तुमच्यात लहान मुलाने घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला नाव घेऊन जेवायला बोलवायचं आणि मगच काड्या उचलायच्या, हे तू तिला किती कडकपणे शिकवलं होतंस! इथे आल्यापासून ती टाळाटाळ करायची आणि तू तिच्या हातावर चापट द्यायचीस. त्या दिवशी तिला कुणीही सांगितलं नाही. ती ताठ बसली आणि तुमच्या भाषेत सुरू झाली. आधी तुआनला बोलावलं, जेवा. मग तुला, जेवा. मग श्रीकांतला, मग मला. आणि थांबून राहिली, कारण उत्तर आल्याशिवाय खायचं नाही. दोघांकडून उत्तर येणार नव्हतं. ती आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

श्रीकांतने हातातला घास खाली ठेवला. बेसिनपाशी जाऊन हात धुतला आणि गाडीची किल्ली घेतली. म्हणाला, "चमचा घे तुझा. आणि ती बाटली."

ठाण्यातला अधिकारी आमच्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. उपासाने ओठ सुकलेले, पण बोलणं मऊ. इस्माईलचाचा दुभाषे म्हणून उभे. मी सांगितलं, रेघा माझ्या हातच्या आहेत. त्याला पटेना. मग मी बाही वर केली, टेबलावर हात ठेवला, तेल लावलं आणि चमच्याने खरवडायला लागले. खोलीभर तुझा वास पसरला, लान. रेघ आली, लाल, सरळ. मी दुसरी काढली, तिसरी काढली. "बस, खलास, खलास," तो म्हणाला आणि माझ्या हातावर वाकून बघत राहिला. "हिजामासारखं?" त्याने विचारलं. त्यांच्याकडे पाठीला पेले लावून रक्त काढतात, त्याची आजी लावायची. इस्माईलचाचा म्हणाले, "तसंच साहेब, पन रक्त नाय." त्याने लिहून घेतलं. मग पेन वर न उचलता विचारलं, किती वेळ केलं?

मी म्हटलं, दहा मिनिटं.

हेच ते वाक्य. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. तोंडातून आपसूक आलं. हृदयाचा झटका होता असा अहवाल आधीच येऊन पडला होता. त्यात मधल्या वेळेबद्दल काही नव्हतं, आणि मीही कुठल्या डॉक्टरला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

तुआनला त्याच संध्याकाळी सोडलं. मला बघून त्याने मान लववली. मग कागद हलायला लागले, एकामागून एक शिक्के, आणि आठ दिवसांनी तिकिटं हातात आली. मी तुझं घर आवरलं. फ्रिजवरची माणसं टॉवेलात गुंडाळली. गॅलरीतली भाजी खुडली आणि शिजवायचं धैर्य झालं नाही, तशीच सुकली.

परवा वीला ताप आला. सकाळी उठली ती डोळे लाल, अंग तापलेलं, आणि माझ्याकडे येऊन पाठ करून उभी राहिली. "काकू, स्पून." मी म्हटलं, नाही. आधी डॉक्टर. श्रीकांतला ऑफिसातून बोलावून घेतलं, दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला लावलं, छातीचा ईसीजी काढायला लावला. डॉक्टर म्हणाला, साधा ताप आहे, घरी न्या. मी त्याला तीन वेळा विचारलं. शेवटी तो हसला.

घरी आल्यावर वी पुन्हा स्टुलावर उलटी बसली, भिंतीला कपाळ टेकून, अगदी तुझ्यासारखी. मी चमच्याला हात लावीना. तुआन बॅग भरत होता. तो उठला, माझ्या स्वयंपाकघरात गेला, खण उघडून चमचा घेऊन आला आणि माझ्या हातात दिला.

मी घड्याळ समोर ठेवलं. पाच मिनिटं, एकही जास्त नाही. हलक्या हाताने, फुंकर घालत. रेघ उमटली ती फिकट गुलाबी. मी चमचा खाली ठेवला तशी वी वळून म्हणाली, "काकू, बस? मम्मा को तो बहुत देर किया था."

तुआनचे हात बॅगेवर थांबले.

मी म्हटलं, "हो गं. खूप वेळ केलं होतं. चाळीस मिनिटं. अजान होईपर्यंत." मग त्याच्याकडे वळून इंग्रजीत म्हटलं, फॉर्टी, दहा नाही, फॉर्टी. बोटं दाखवली. चार वेळा दहा बोटं. आपल्या नेहमीच्या हातवाऱ्यांनी.

तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग वीजवळ येऊन तिच्या पाठीवरची गुलाबी रेघ अंगठ्याने हलकेच चाचपली, तिचा सदरा खाली ओढला आणि बॅगेची चेन लावली.

विमानतळावर वी मला बिलगली. तुआनने मान लववली, थोडा पुढे गेला, परत आला, खिशातून ती हिरवी बाटली काढून माझ्या हातात ठेवली आणि गेला. श्रीकांत म्हणाला, विमानात तेल नेऊ देत नसतील. एवढीशी बाटली नेऊ देतात, लान. मला माहीत आहे, आणि दर वर्षी ती घेऊन येणाऱ्या तुआनला तर नक्कीच माहीत आहे. त्याने मला माफ केलं, की ही आता तूच सांभाळ असं सांगितलं, हे मला कळलेलं नाही. विचारायला तूच हवी होतीस.

बाटली आणि चमचा समोर ठेवून लिहिते आहे. पहाटेपासून माझी पाठ भरून आली आहे, दोन खांद्यांच्या मधे, नेमकी तिथे. मघाशी तेल घेतलं बोटावर. वरून हात नेऊन पाहिला, मग खालून नेऊन पाहिला.

पोचत नाही गं.